वानरीनं लेकरू माझ्या हातात दिलं नव्हतं

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं चिंचेखाली एक लहानसा ओटा आहे. गुडघाभर उंचीचा, वर शेंदूर फासलेला गोटा. गाव परंडा तालुक्यातलं. सोनारीच्या काळभैरवाला जाणारे लोक वाटेत इथं थांबतात, ओट्यावर फुटाणे नाहीतर खोबऱ्याचा तुकडा ठेवतात, आणि ज्याला ठाऊक असेल तो नवख्याला गोष्ट सांगतो. एका वानरीचं पिल्लू मेलं. चार दिवस ती त्याला छातीशी धरून फिरली. मग हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी ती आपण होऊन झाडावरून उतरली, एका माणसासमोर बसली, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मेलेलं पिल्लू त्याच्या हातात दिलं. मुक्या जनावरालासुद्धा जन्ममरण कळलं, असं म्हणून सांगणारा हात जोडतो.

तो माणूस मी. आणि असं काही झालं नव्हतं.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, साहेब सुई टोचत असले की बैलाची मान धरायची, हे माझं काम. गावात मात्र मला सगळे डॉक्टरच म्हणायचे. पहिल्या वर्षी मी एकदोघांना सांगून बघितलं की मी डॉक्टर नाही. लोक हसले आणि पुन्हा डॉक्टर म्हणाले. पुढं मी सांगायचं सोडलं. लोकांनी चुकून पदरात टाकलेलं परत न करायची सवय मला तेव्हापासूनची.

जनावराला मरण कळतं का, हा प्रश्न मला नोकरीत फार लोकांनी विचारला. बहुतेक वेळा विचारणारी बाईच असायची, आणि तिची म्हैस नाहीतर शेळी दारात ओरडत असायची. मी सांगायचो, दूध आटेपर्यंत ओरडेल, मग विसरेल. पुस्तकात तसं होतं की नाही मला माहीत नाही, पण साहेब तसं म्हणायचे. प्रत्यक्षात मी बघितलेलं वेगळं होतं. करडू विकलं तर शेळी रस्त्याकडं तोंड करून ओरडते. ज्या रस्त्यानं त्याला नेलं त्याच रस्त्याकडं. तेच करडू डोळ्यांदेखत मेलं तर ती रस्त्याकडं बघत नाही. जिथं ते पडलं होतं त्या जागेला येऊन हुंगते, आणि तिचं ओरडणं ठेक्यात नसतं, मधेच थांबतं. गेलेलं आणि मेलेलं तिला वेगळं कळतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर, मग त्या बायांना खोटं का सांगतोस, हा पुढचा प्रश्न मलाच पडला असता.

आता वानरीकडं येतो.

उन्हाळ्यात रानातलं पाणी आटलं की वीसेक वानरांची टोळी गावात यायची. पत्र्यावरून उड्या मारायची, वाळत घातलेल्या कुरडया पळवायची. बायका काठी घेऊन मागं धावायच्या आणि तोंडानं म्हणायच्या, "या, या, सासुरवाडीच हाय तुमची." त्याच बायका दुपारी हौदाशेजारी त्यांच्यासाठी पाण्याची घमेली भरून ठेवायच्या. टोळीतली एक वानरी सगळ्यांच्या ओळखीची होती. तिचा डावा कान फाटलेला होता. भजन चालू असलं की ती देवळाच्या भिंतीवर येऊन बसायची. लोक म्हणायचे, भजन ऐकती. मला वाटतं फुटाण्यांसाठी यायची, पण शेवटच्या आरतीपर्यंत बसायची हेही खरं.

त्या वर्षी तिला पिल्लू होतं, दीडदोन महिन्यांचं. त्याचा हात एकदम विजेच्या दोन तारांना लागला आणि ते देवळामागं पडलं. मी दवाखान्याच्या खिडकीतून बघितलं. दवाखाना देवळासमोरच होता. ती खाली आली, त्याचं तोंड हुंगलं, त्याला उचललं आणि वर जाऊन छातीला लावलं.

पुढचे चार दिवस मी खिडकीतून तेच बघत होतो. पहिल्या दिवशी तिनं त्याला जिवंत असल्यासारखं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या अंगावरच्या माश्या हाकत होती, केस विंचरल्यासारखे बाजूला करत होती. तिसऱ्या दिवशी ती त्याला एका हाताला धरून उचलायला लागली. जिवंतपणी तिनं त्याला तसं कधीच धरलं नव्हतं. याचा अर्थ तिला काहीतरी कळलं होतं. त्याच दिवशी तिनं त्याला फांदीच्या बेचक्यात ठेवलं, चार पानं खाल्ली, वळून बघितलं, परत चार पानं खाल्ली. चौथ्या दिवशी ती त्याला तिथंच ठेवून हौदावर गेली. माझ्या दोन बैलांच्या जखमा धुऊन झाल्या तरी ती परत आली नव्हती. मग आली आणि घेऊन बसली.

हे सगळं मी बघितलं होतं. तिचं तिचं चाललं होतं. रोज थोडा जास्त वेळ ती त्याला खाली ठेवत होती. अजून एक दिवस, फार तर दोन.

पण हनुमान जयंती दुसऱ्या दिवशी होती. सप्ताहाचा मांडव त्याच चिंचेखाली होता. वास सुटला होता. लोक चिडलेले नव्हते, हे मला नीट लिहायचं आहे. त्यांना वाईट वाटत होतं. मारुतीचं रूप ते, त्याची माती व्हायला पाहिजे, असं उघड्यावर कुजता कामा नये, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. दोघं जण चादर घेऊन झाडावर चढूनही आले. ती पिल्लू घेऊन दुसऱ्या झाडावर गेली. मग गुरव माझ्याकडं आला.

"डॉक्टर, देवाचं लेकरू हाय ते. आपल्या घरचं असतं तर चार दिस ठिवलं असतं का?"

मी म्हणालो, ठेवेल ती आपोआप, थांबा. मागून भजनातला एक म्हातारा बोलला, "डॉक्टरला वळू आवरतोय, पर वानरी आवरंना." दुसऱ्यानं माझ्या बायकोचं नाव घेऊन आणखी काही जोडलं, सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्यात मी हो म्हणून बसलो.

दवाखान्यात जनावर गुंगवायचं औषध होतं. कुत्र्याला किती देतात त्यावरून मी वानरीचा अंदाज केला. अंदाज चुकला असता तर ती मेली असती, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. कपाटामागं उभं राहून मी दोन केळ्यांत सुईनं औषध सोडलं. ती भिंतीवर आली तेव्हा केळी तिला दिली. तिनं माझ्या हातातून घेतली. माझी तिची ओळख होती.

लोकांना मी मांडवाच्या पलीकडं थांबायला सांगितलं. अर्ध्या तासानं ती झाडावरून उतरायला लागली. तोल जातोय हे तिला कळलं असावं. पडण्याआधी खाली यायचं शहाणपण तिला होतं. बुंध्याशी बसली, पिल्लू मांडीत, मान डुलत होती. मी जाऊन समोर उकिडवा बसलो. तिचे डोळे उघडे होते. तिनं माझ्याकडं बघितलं, हे खरं आहे. मी पिल्लाला हात लावला तेव्हा तिच्या मुठी आवळल्या, पण त्यांत जोर नव्हता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती बारीक आवाजात काहीतरी म्हणाली, कुरकुरल्यासारखं. पिल्लू निघालं, तरी तिचे दोन्ही हात तसेच गोल राहिले, काही धरल्यासारखे.

लोकांना माझी पाठ दिसत होती. त्यांनी बघितलं ते असं की वानरी खाली आली, डॉक्टरसमोर बसली, आणि डॉक्टर लेकरू घेऊन उठला. मागून जयजयकार झाला. गुरव रडत होता. तो माझ्या पाया पडला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. मी त्याला उठवलं आणि काही बोललो नाही.

माती फार प्रेमानं झाली. बायकांनी पिल्लाला कोमट पाण्यानं अंघोळ घातली, नव्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं. कुणीतरी दहीभात आणला. टाळ-मृदंगासह देवळाला प्रदक्षिणा घालून त्याला चिंचेखाली पुरलं. गावात त्या दिवशी कित्येक घरांत चूल उशिरा पेटली. मी सगळ्यांच्या पुढं चाललो होतो.

दिवस मावळायच्या आत ती शुद्धीवर आली. दुसऱ्या दिवसापासून ती शोधायला लागली. मांडवाच्या कापडाखाली बघायची, धान्याच्या पोत्यांच्या मागं बघायची. मग दवाखान्याच्या खिडकीत यायला लागली. माझी पिशवी टेबलावर असायची. तिच्यात हात घालून ती पट्ट्या बाहेर काढायची, हुंगायची, टाकून द्यायची. कापसाचा गुंडाळा असला तर तो उलगडून बघायची. लोक म्हणायचे, डॉक्टरच्या भेटीला येती. दहाव्या दिवशी पिंड ठेवला तेव्हाही ती भिंतीवर होती. लेकराच्या दहाव्याला आई आली, असं सगळ्या गावानं बघितलं. मी बघितलं ते एवढंच की ती ओट्याच्या जागेकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. लेकरू जमिनीखाली आहे हे तिला कुठून कळणार? तिच्या लेखी ते माझ्यापाशी होतं.

मेलेलं तिला कळत आलं होतं. मी ते तिच्यासाठी हरवलेलं करून टाकलं.

त्यानंतर माझ्या हातचं केळ तिनं घेतलं नाही. गुरवाच्या हातून घ्यायची, पोराटोरांच्या हातून घ्यायची. मी पुढं केलं की मागं सरायची. गुरव म्हणायचा, "गुरुस्थानी मानती तुमाला. गुरूला द्यायचं असतंय, गुरूचं घ्यायचं नसतंय." लोक हसायचे. ती उन्हाळाभर येत होती. पाऊस पडल्यावर टोळी रानात गेली. पुढच्या वर्षी टोळी आली, ती त्यात नव्हती.

इतकंच असतं तर मी ते पोटात ठेवून मेलो असतो. एका वानरीला फसवलं, वाईट केलं, पण गाव सुखी होतं. पण गोष्ट तिथं थांबली नाही.

लेकरू गेलेल्या बायांना लोक माझ्याकडं आणायला लागले. आधी गावातल्या, मग जिल्ह्यातल्याच वाशीकडच्या, कळंबच्या. मी सांगायचो. पहिल्यांदा अडखळत, मग सराईतपणे. वानरी कशी उतरली, कशी बसली, कसं दिलं. बाई ऐकायची आणि सोबतचं माणूस म्हणायचं, बघ, त्या मुक्या जिवाला कळलं, तू तर माणूस आहेस. कळंबहून एकीला तिचा भाऊ मोटरसायकलवर बसवून घेऊन आला होता. सगळं ऐकून झाल्यावर तिनं मला विचारलं, "जाताना तिनं मागं वळून बघितलं न्हाय का?" मी म्हणालो, नाही. तिनं पदरानं डोळे कोरडे केले आणि गाडीवर जाऊन बसली.

माझी सून त्यातलीच. तेव्हा ती विशीतली होती. तिचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन तापानं गेला. ती चुलीपुढं बसून राहायची, पाळणा काढू द्यायची नाही. माझ्या बायकोनंच मला पुढं केलं. दुनियेला सांगता, घरच्या पोरीला सांगा. मी ओसरीवर बसून सांगितलं. सुनेनं खाली मान घालून ऐकलं. मग उठली, केस बांधले आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवसानंतर तिला कुणी रडताना बघितलं नाही. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. पुढं तिला दोन मुलं झाली. घर तिनंच चालवलं, माझी बायको गेल्यावर माझं पथ्यपाणीही तीच बघते. फार शहाणी बाई.

मागच्या वर्षी तिच्या थोरल्या मुलाच्या बायकोचं, म्हणजे माझ्या नातसुनेचं बाळ धाराशिवच्या दवाखान्यात नवव्या दिवशी गेलं. पोरगी खाटेवर होती. पुरुष माणसांनी बाळ परस्पर आणून शेताच्या बांधाला पुरलं. तिला शेवटचं दाखवलंही नाही. तिला सोसणार नाही म्हणून. घरी आली तेव्हा तिच्याकडं बाळाचं एक दुपटं होतं. ते ती धुऊ देईना. महिना झाला तरी देईना. येणाऱ्या बाया म्हणायच्या, धुऊन टाक, नाहीतर कुणाला तरी देऊन टाक. ती ऐकायची आणि दुपटं मांडीखाली घ्यायची.

एके दिवशी सकाळी सून माझ्याकडं आली. म्हणाली, "मामा, हिला ती वानरीची गोष्ट सांगा. माझं ऐकंना. तुमी सांगितलेलं ऐकंल."

मी जाऊन नातसुनेजवळ बसलो. सुरुवात केली. इतक्या वेळा सांगितलेलं, तोंड आपोआप चालत होतं. वानरी खाली आली इथपर्यंत आलो. पोरीनं मान वर केली. ती माझं खोटं पकडायला विचारत नव्हती. तिला खरंच हवं होतं.

"आबा, तिनं कसं काय दिलं? मला जमंना. तिला कसं जमलं ते सांगा, म्हंजी मी बी तसंच करते."

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "तिनं दिलं न्हाय पोरी. म्या काढून घेतलं."

मग मी सगळं सांगितलं. दोन केळी, सुई, एकेक बोट. पिशवीतल्या पट्ट्या. ओळीनं सांगत गेलो, काही गाळलं नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "म्हंजी तिलाबी जमलं न्हाय."

"जमत आलं हुतं. आपलं आपण ठिवत हुती खाली. रोज जरा जास्त. म्या मधीच नेलं."

पोरीनं दुपटं मांडीखालून काढलं आणि मांडीवर घेतलं. लपवलं नाही.

दारात सून उभी होती. निवडायला घेतलेल्या तुरीचं सूप तिच्या हातात होतं. ती कधी आली मला कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मामा, मलाबी हीच सांगितली हुती."

"व्हय."

"मला वाटलं, वानरीनं दिलं अन् आपुन एवढं करून घेतोय. लाज वाटली मला. म्या त्या दिसापास्नं त्याचं नाव बी तोंडावर आणलं न्हाय."

मी म्हणालो, "चुकलो मी."

सुनेनं सूप कोपऱ्यात ठेवलं. आत जाईल असं मला वाटलं, पण ती नातसुनेशेजारी खाली बसली. पाय पसरून, भिंतीला टेकून. या घरात इतक्या वर्षांत दिवसाउजेडी, काम टाकून तिला अशी बसलेली मी बघितली नव्हती. मग पोरीनं तिला विचारलं, "कसा हुता ओ तो, आत्या?"

आणि सून सांगायला लागली. अंघोळीला पाण्यात घातलं की तो मुठीत तिचं मंगळसूत्र धरायचा. हसला की एकाच गालाला खळी पडायची, उजव्या. भाकरीच्या वासानं जागा व्हायचा. सांगता सांगता ती रडायला लागली, अगदी हळू, आणि रडत रडत सांगत राहिली. पोरगीही रडत होती आणि मधेच आपल्या बाळाचं सांगत होती. नऊ दिवसांचं किती असणार सांगण्यासारखं, पण तिच्याकडं पुष्कळ होतं. मी तिथंच बसलो. उठून जावं असं दोनदा वाटलं, पण आता माझ्याकडं फक्त ऐकणं बाकी होतं.

माझ्या त्या पहिल्या नातवाचं बारसं झालं होतं, त्याला नाव होतं. पण आम्ही घरातल्यांनी ते विसरून टाकलं होतं. मीही. त्या दिवशी सुनेनं ते मोठ्यानं घेतलं, दोनदा. ते मी इथं लिहीत नाही. ते उच्चारायचा हक्क मी तिच्याकडून पंचवीस वर्षं काढून घेतला होता. आता ती मनात येईल तेव्हा ते घेते. परवा तिनं अंगणातून नातसुनेला सहज हाक मारून सांगितलं, आज तो असता तर त्याचंही लग्न झालं असतं. आतून उत्तर आलं, "मग मला थोरली जाऊबाई असती, आत्या." दोघी हसल्या. खाटेवर पडल्या पडल्या मी ते ऐकलं.